कृषी सल्ला : उभ्या पिकावर ड्रोनचा सिग्नल तुटतो तेव्हा

पिकाच्या पाहणीसाठी अडीचशे ग्रॅमच्या आसपासचे कॅमेरा ड्रोन आता बऱ्याच शेतकऱ्यांकडे आहेत. त्यांच्याकडून आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न मुळात एकाच अडचणीचे आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. फवारणीच्या ड्रोनची यंत्रणा आणि परवाने वेगळे असतात. हा सल्ला फक्त पाहणीच्या छोट्या ड्रोनसाठी आहे.

प्रश्न : रानडुकरांनी पाडलेला आणि हुमणीने वाळलेला ऊस पाहायला ड्रोन पाठवतो. कंपनी कित्येक किलोमीटरची रेंज सांगते, पण ३०० मीटरवर ड्रोन खाली आणला की सिग्नल तुटतो. रिमोट खराब आहे का?

बहुतेक वेळा रिमोट ठीक असतो, आडवा येतो तो ऊस. हे ड्रोन रेडिओ लहरींच्या २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालतात. या लहरी मोकळ्या हवेत लांब जातात, पण पाण्याने भरलेल्या हिरव्या पानांत शोषल्या जातात. कंपनीचा आकडा मोकळ्या मैदानातला आणि आसपास दुसरे सिग्नल नसतानाचा असतो. साडेतीन मीटर उंचीच्या उसाला तो लागू होत नाही. पाऊस पडून गेल्यावर किंवा सकाळी दव असताना पाने ओली असतात, तेव्हा रेंज आणखी घटते.

हिशेब करून पाहा. बांधावर उभे राहिल्यावर तुमच्या हातातला रिमोट जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. ३०० मीटर लांबचा ड्रोन ५ मीटर उंचीवर आणला, तर रिमोटपासून ड्रोनपर्यंतची सरळ रेघ मध्यावर जेमतेम ३.१ मीटर उंचीवरून जाते, म्हणजे उसाच्या शेंड्याखालून. ड्रोन तुम्हाला दिसत नाही आणि लहरीलाही वाट मिळत नाही. नुसती रेघ मोकळी असूनही भागत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीला ३०० मीटर अंतराच्या मध्यावर रेघेभोवती सुमारे ३ मीटर मोकळी जागा मिळाली तर सिग्नल पुरता पोहोचतो.

तोच ड्रोन ३० मीटर उंच ठेवला तर मधली अडचण संपते, पण तुमच्या जवळची राहते. रेघ उसाच्या वर यायला तुमच्यापासून २३-२४ मीटर लागतात. ऊस तुमच्या पुढ्यातच असेल तर लहर एवढे अंतर पानांतून जाते. म्हणून उभे राहण्याची जागा नीट निवडा. वस्तीवरच्या घराचा स्लॅब सर्वांत चांगला, कारण तिथे रिमोटच उसापेक्षा उंच होतो. तो नसेल तर ड्रोनच्या दिशेला पंचवीस-तीस मीटर मोकळे रान किंवा कमी उंचीचे पीक असेल अशा बाजूला उभे राहा. जवळून पाहायची जागा शेताच्या पलीकडच्या टोकाला असेल तर तुम्हीच त्या टोकाला जा आणि तिथून उडवा. तीनशे मीटरवरून ड्रोन पिकात उतरवण्याचा हट्ट करू नका. नाही तरी नियमाप्रमाणे ड्रोन कायम नजरेसमोर ठेवावा लागतो.

अँटेनाची दिशाही पाहा. अँटेनाचे टोक ड्रोनकडे रोखले की सिग्नल सर्वांत कमी मिळतो, कारण लहर टोकातून नव्हे तर बाजूने पसरते. दोन्ही अँटेना एकमेकींना समांतर ठेवून त्यांची सपाट बाजू ड्रोनकडे करा. ड्रोन अगदी डोक्यावर असेल तर अँटेना आडव्या करा. काही रिमोटमध्ये अँटेना मोबाइल अडकवायच्या पट्टीत असतात, ती पट्टी पूर्ण वर ओढा. ड्रोनकडे पाठ करू नका, कारण आपले शरीरही लहर अडवते. ट्रॅक्टर, ट्रॉली किंवा पत्र्याच्या शेडच्या आडोशाला उभे राहणेही टाळा.

ॲपमध्ये पट्टा निवडता येत असेल तर रानात २.४ ठेवा, तो पानांतून थोडा तरी पार होतो. गावठाणाजवळ घरोघरी वायफाय असते, तिथे ५.८ बरा चालतो. हे ठरवणे जमत नसेल तर ‘ऑटो’ ठेवा.

प्रश्न : सिग्नल गेला की ड्रोन आपोआप परत येतो असे सांगितले होते. आमचा परत येताना बागेवरच्या उतारात धडकला. असे का झाले? (आंबा बागायतदार, रत्नागिरी)

सिग्नल तुटल्यावर ड्रोन स्वतः विचार करत नाही. उडवण्याआधी तुम्ही जे ठरवून दिले तेवढेच तो करतो. सगळ्या प्रश्नांतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि दुर्लक्ष सर्वाधिक इथेच होते.

ॲपच्या सुरक्षा सेटिंगमध्ये सिग्नल तुटल्यावरचे तीन पर्याय असतात : घरी परत ये, जागेवर तरंगत राहा, खाली उतर. मोकळ्या रानात पहिला निवडा. हा पर्याय असताना सिग्नल काही सेकंद मिळाला नाही की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतो, मग सरळ रेषेत घराच्या बिंदूकडे, म्हणजे उड्डाणाची जी जागा त्याने नोंदवली तिकडे, येतो. ही उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून नाही. तुम्ही बागेच्या पायथ्याशी उभे राहून परतीची उंची ४० मीटर ठेवलीत आणि बागेचा वरचा टप्पा पायथ्यापासून ३५ मीटर उंच असला, तर तिथल्या दहा मीटरच्या झाडाचा शेंडा ४५ मीटरवर येतो. ड्रोन त्या झाडातच शिरणार. अडथळे टाळणारे सेन्सर छोट्या ड्रोनला बहुधा खालच्या बाजूलाच असतात, समोरचे झाड त्याला कळत नाही.

म्हणून उताराच्या बागेत शक्यतो वरच्या सड्यावरून उडवा, म्हणजे परतीच्या वाटेवरची जमीन उड्डाणाच्या जागेपेक्षा खालीच राहते. मात्र सड्याच्या अगदी कडेला उभे राहा. कडेपासून मागे सरकलात तर ड्रोन खाली गेल्यावर कातळच मध्ये येतो आणि सिग्नल पुन्हा तुटतो.

सपाट भागात परतीच्या वाटेवरचा सर्वांत उंच अडथळा पाहा आणि त्यावर १०-१५ मीटर धरा. नारळ २०-२५ मीटरपर्यंत जातो, तेव्हा नारळी असलेल्या रानात ४० मीटर ठीक. उच्चदाबाच्या वाहिनीचे मनोरे किंवा मोबाइल टॉवर परतीच्या रेघेत येत असतील तर उंची वाढवत बसण्यापेक्षा उभे राहण्याची जागा बदला. तारा कॅमेऱ्यात दिसत नाहीत. उगाच ८०-१०० मीटर उंची ठेवण्यातही तोटा आहे, कारण वर वारा जास्त असतो आणि चढण्यातच बॅटरी जाते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या क्षेत्रातही ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर ही मर्यादा आहे. आपले शेत कोणत्या क्षेत्रात येते ते सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या नकाशावर उडवण्याआधी पाहून घ्या.

झाडांच्या छताखाली, पोफळीच्या बागेत किंवा शेडनेटमध्ये उडवत असाल तर ‘घरी परत ये’ हा पर्याय घातक ठरतो, कारण ड्रोन वर चढताच झावळ्यांत किंवा जाळीत अडकेल. तिथे ‘तरंगत राहा’ निवडा आणि सिग्नल गेला की चालत ड्रोनकडे जा. बाहेर आल्यावर सेटिंग पुन्हा बदलायला विसरू नका.

घराच्या बिंदूबाबतही घाई नडते. बॅटरी लावली की लगेच ड्रोन उडवला जातो, तेव्हा उपग्रह पुरेसे मिळालेले नसतात. मग उपग्रहांचा सिग्नल पक्का होईल तिथे, म्हणजे कधी उसाच्या मध्यावर तर कधी विहिरीवर, घराची नोंद होते आणि परतीला ड्रोन तिथेच उतरू पाहतो. दहा-बारा उपग्रह मिळून ‘होम पॉइंट’ नोंदल्याचा संदेश येईपर्यंत थांबा आणि नकाशावर तो बिंदू बरोबर आहे का ते पाहा. आपोआप उतरताना काही मीटरचा फरक पडतो, म्हणून चहूबाजूंनी निदान पाच मीटर मोकळी जागा ठेवा. खळे यासाठी उत्तम. धूळ असेल तर ताडपत्री अंथरून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा. बोअरची लोखंडी केसिंग, ट्रॅक्टर किंवा डीपीजवळून उडवू नका, तिथे होकायंत्र चुकते.

प्रश्न : पडद्यावरचे चित्र एकदम थांबले. अशा वेळी काय करावे?

चित्र जाणे आणि ताबा जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइल उन्हाने तापला, केबल ढिली झाली किंवा ॲप अडकले तरी चित्र थांबते, पण रिमोट आणि ड्रोनचा दुवा शाबूत असतो. आधी रिमोटवरचा दिवा पाहा. जोडणी दिसत असेल तर रिमोटवरचे परतीचे बटण दाबून धरा आणि मग निवांत केबल काढून पुन्हा लावा.

दुवाच तुटला असेल तर रिमोट बंद करून चालू करू नका. अँटेना ड्रोनकडे वळवा, रिमोट छातीच्या वर धरा, जमेल तेवढ्या उंच जागी चढा किंवा ड्रोनच्या दिशेने चाला. ड्रोन वर चढला की बहुतेक वेळा दुवा आपोआप जुळतो. घाबरून रिमोटवरच्या काड्या (स्टिक) ओढू नका. दोन्ही काड्या एकदम आत-खाली ओढल्या की अनेक ड्रोनमध्ये पंखे हवेतच बंद होऊ शकतात.

दुवा जुळला आणि समोरून जोराचा वारा असेल तर आपोआप परतीवर विसंबू नका. परतीचा आदेश रद्द करा, अडथळे पाहून ड्रोन थोडा खाली घ्या आणि ‘स्पोर्ट’ म्हणजे जास्त वेगाच्या मोडमध्ये हाताने आणा. ही वेळ टाळायची तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे बॅटरी उतरलेली असताना वारा पाठीशी असेल. ३०-३५ टक्के बॅटरीला ड्रोन परत वळलेला हवा.

मोबाइलच्या वायफायवर चालणाऱ्या स्वस्त ड्रोनमध्ये आणखी एक अडचण येते. ड्रोनच्या वायफायवर इंटरनेट नाही असे पाहून मोबाइल स्वतःच मोबाइल डेटाकडे वळतो आणि जोडणी तुटते. उडवण्याआधी मोबाइल डेटा आणि हॉटस्पॉट बंद करा. या ड्रोनमध्ये जीपीएस नसेल तर ‘वन की रिटर्न’ बटणावर भरवसा ठेवू नका. जमिनीवरून उडवताना ड्रोनचे तोंड जिकडे होते त्याच्या उलट दिशेला तो जातो, एवढेच. तुम्ही कुठे उभे आहात हे त्याला माहीत नसते. असा ड्रोन वारा असताना शेतात नेऊ नये.

प्रश्न : उसात पडलेला ड्रोन कसा शोधावा?

आधी घराच्या बिंदूजवळ पाच मिनिटे थांबा, तो परतीच्या वाटेवर असू शकतो. मग ॲपमधील ‘ड्रोन शोधा’ उघडून शेवटची जागा पाहा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा. शेवटचा बिंदू म्हणजे पडल्याचीच जागा असे नाही. परतीचा पर्याय चालू असेल तर त्या बिंदूपासून घरापर्यंतच्या सरळ रेघेवर आधी उंच झाडे आणि तारा तपासा. जवळ गेल्यावर दुवा जुळला तर ॲपमधून दिवे आणि आवाज चालू करता येतात. हे बॅटरी आहे तोवरच शक्य आहे, म्हणून उशीर करू नका. आवाज येत नसेल तर बांधावरून सऱ्या मोजून ठरवा आणि दोघांनी शेजारच्या सऱ्यांतून एकाच दिशेने चाला. जुन्नर, आंबेगाव, शिरूरसारख्या बिबट्याच्या पट्ट्यात दिवस मावळताना उसात शिरू नका. उजेडी, सोबत घेऊन आणि मोठ्याने बोलत जा.

ड्रोन विजेच्या तारेवर अडकला तर बांबू, काठी, दोरी काहीही लावू नका. महावितरणच्या वायरमनला कळवा किंवा १९१२ वर फोन करा.

सापडलेल्या ड्रोनची बॅटरी लगेच काढा. ती फुगली, दबली किंवा पाण्यात भिजली असेल तर चार्ज करू नका आणि घरात किंवा धान्याजवळ ठेवू नका. पाचटापासून लांब, मोकळ्या मातीवर ठेवा, कारण अशी बॅटरी काही तासांनीही पेट घेऊ शकते. बॅटरी चांगली असली तरी पाती बदला, होकायंत्र पुन्हा जुळवून घ्या आणि मोकळ्या जागी दहा मीटर उंचीवर दोन मिनिटे तरंगवून पाहा. तिथे तो एका जागी स्थिर राहिला, तरच पुन्हा पिकावर न्या.