सिलिकॉन 1414 अंश सेल्सिअसला वितळतं, मग 860 च्या आसपास त्याच्या पृष्ठभागावर बदलतं काय?

तुमची शंका रास्त आहे: स्फटिक घन असताना अवस्थाबदल कसला? माझी पीएचडीची वर्षं याच पृष्ठभागासमोर गेली, म्हणून सांगते.

आतलं सिलिकॉन जागचं हलत नाही. बदलतात ते अगदी वरचे थर. स्फटिक (111) प्रतलात, म्हणजे एका ठरावीक तिरक्या दिशेने, कापला की वरच्या प्रत्येक अणूचा एक बंध सुटा राहतो. तो ऊर्जेच्या हिशेबात परवडत नाही, म्हणून अणू नवी घडी बसवतात. तीच सात-बाय-सात: तिचं पुन्हा पुन्हा येणारं घर मूळच्या घराच्या दोन्ही दिशांना सातपट असतं. तिच्या एका घरात 49 ऐवजी 19च सुटे बंध उरतात. 1959 मध्ये श्लियर आणि फार्न्सवर्थ यांना ही घडी दिसली, पण कोणता अणू कुठे बसतो हे कोडं ताकायानागींनी 1985 मध्ये सोडवलं. तापवत नेलं की 860 च्या आसपास घडी मोडते आणि वरचे अणू सैरावैरा फिरू लागतात.

हे बघायचं कसं? निर्वात कक्षात दाब 10⁻¹⁰ टॉरच्या (टॉर हे दाबाचं एकक) आसपास हवा. सिलिकॉनच्या पट्टीतून थेट करंट सोडून ती 600 अंशांवर रात्रभर ठेवायची, मग काही सेकंद 1200 ला न्यायची, की ऑक्साइड उडून जातं. यानंतरची घाई नडते. 900 पासून खाली अगदी सावकाश उतरा. लीडच्या (LEED: पृष्ठभागावर कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडून परतणाऱ्यांचे ठिपके दाखवणारं तंत्र) पडद्यावर आधी मोजके ठळक ठिपके असतात. मग दोन ठिपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सहा बारीक ठिपके हळूहळू उजळतात. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा मी श्वास रोखून बघत होते. करंटच्या चुंबकीय क्षेत्राने इलेक्ट्रॉन वाकतात, म्हणून मोजमापाच्या क्षणी करंट तोडावा लागतो.

टेलीप्स आणि बाउअर यांनी 1985 मध्ये हाच बदल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घडताना पाहिला. थंड होताना नवी घडी सगळीकडे एकदम पसरत नाही, अणुउंचीच्या पायऱ्यांच्या वरच्या काठावर उगवते आणि तिथून आत सरकते. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

एक कळकळीची सूचना: नमुना स्टीलच्या चिमट्याने धरू नका. माझे दोन महिने त्यात गेले. ठिपके भलत्याच जागी यायचे. चिमट्यातलं निकेल पट्टीला लागलं होतं. ते फ्लॅश करूनही (काही सेकंद 1200 ला नेऊनही) जात नाही, पट्टी टाकूनच द्यावी लागते. टायटॅनियमचा किंवा सिरॅमिक टोकांचा चिमटा घ्या.