दोन टॅक्स्या, एक बटवा

वाचकांचे प्रश्न : परदेशप्रवास आणि सोबत

प्रश्न : काकू, सप्टेंबरमध्ये आम्ही चौघी मैत्रिणी रोमला जातोय. तिघी सगळं खातात, मी अंडंसुद्धा खात नाही. मागच्या सहलीत प्रत्येक जेवणाला माझ्यापायी दोन-तीन हॉटेलं फिरावी लागली. कोणी बोललं नाही, पण शेवटी शेवटी त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. यंदा काय करू?
– एक वाचक, वाघोडिया रोड, बडोदा

उत्तर : अगं, तू रोमला निघालीस हे फार चांगलं झालं. तिथे 'पिझ्झा अल ताल्यो' नावाचा प्रकार असतो. काचेमागे मोठमोठ्या लांबट ट्रे मांडलेल्या असतात. आपण बोट दाखवायचं, ते हवा तेवढा तुकडा कापून वजनावर देतात. बटाट्याचा, नुसत्या टोमॅटोचा, दुधीसारख्या झुकिनीचा. चौघींनी चार तऱ्हेचे तुकडे घ्या आणि जवळच्या एखाद्या बाकावर बसून एकत्र खा. दुपारचं जेवण रोज असंच करा. हॉटेल शोधायचं ते फक्त रात्री, आणि तेही दुपारीच ठरवून ठेवा. भुकेलेल्या माणसांनी रस्त्यात उभं राहून हॉटेल निवडलं की भांडण ठरलेलं.

शब्द थोडेच पाठ कर : 'कार्ने' म्हणजे मांस, 'पेशे' मासे, 'उओवो' अंडं, 'ब्रोदो' म्हणजे सूप-भातात घालतात ते पाणी, बहुधा मांसाचं. 'मारिनारा' पिझ्झ्यात नावावरून मासे असतील असं वाटतं, पण त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं, चीजही नसतं. चीजचं मुद्दाम सांगते. पार्मिज्यानो बनवताना वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, पेकोरिनो रोमानोला कोकराचं. तुला ते चालतं का ते तू घरीच ठरव, तिथे ताटासमोर बसून नको.

बॅगेत खाकरे, मेथीचे ठेपले आणि लीलो चिवडा ने. पेढे, बर्फी, तुपाचा डबा नको. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.


प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही तिघी जावा. मागच्या वर्षी आम्ही तिन्ही जोडपी मिळून सिंगापूरला गेलो. थोरल्या जाऊबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना दहा पावलांवर बसावं लागतं. धाकटीच्या फोनमध्ये यादी, दिवसाला सहा ठिकाणं. मी मधली, त्यामुळे कॉन्ट्रीचा हिशेब माझ्याकडे. थोरल्या जाऊबाई कॉफी पीत नाहीत आणि कॉफीचे पैसे मात्र सगळ्यांत वाटले गेले, यावरून विमानतळावर बोलाचाली झाली. आल्यावर दोन महिने घरात अबोला. आता धाकटीनेच जूनमध्ये अकरा दिवस इटलीचं काढलंय आणि थोरल्या हो म्हणाल्यात. मी नाही म्हणू का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : नाही म्हणू नका. दोन महिन्यांच्या अबोल्यानंतर थोरल्या जाऊबाई आपणहून हो म्हणाल्या, ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. दुखरे गुडघे घेऊन बाई पुन्हा तुमच्यासोबत यायला निघाल्या आहेत.

आम्हीही इटलीलाच गेलो होतो, जूनमध्येच. आम्ही दोघं, मोठे दीर, जाऊबाई आणि नणंदबाई. नणंदबाई अडुसष्ट वर्षांच्या, डाव्या गुडघ्याला पट्टा. सासर त्यांचं कोल्हापूरचं, पण भावजी गेल्यापासून त्या बडोद्याला आमच्या शेजारीच राहतात. आम्ही पाच जण, हा आकडा मी घरी बसून नीट मोजायला हवा होता. तिकडच्या साध्या टॅक्सीत चारच माणसं घेतात. आपल्या रिक्षात पाचवं माणूस जसं कडेला सामावतं तसं तिथे चालत नाही. पहिल्याच रात्री रोमच्या तेर्मिनी स्टेशनाबाहेर आम्ही अर्धा तास सामान घेऊन उभे, कोणी कोणाबरोबर बसायचं ते ठरेना. शेवटी नणंदबाई म्हणाल्या, "तुम्ही चौघं जा एकत्र, मी येते मागून एकटी." त्या आवाजावरून सगळ्यांना कळलं की आता गप्प बसायचं आणि दोन टॅक्स्या करायच्या.

तुम्ही सहा जण आहात, म्हणजे तुमच्याही दोनच. ते आधीच धरून चाला आणि जोड्या रोज बदला. आमची सोय म्हणून आम्ही बदलायला लागलो आणि मला त्यातून फार मोठी गोष्ट मिळाली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण मोठ्या दिरांशी माझं बोलणं "पान वाढलंय" आणि "निघालात का" एवढंच. रोममध्ये दोन दिवस मी त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसले. लहानपणी ते सूरसागर तलावाच्या पाळीवर बसून अभ्यास करायचे आणि त्यांना बोटीवर नोकरी करायची होती, हे मला तेव्हा कळलं. घरात हे कधी निघालंच नसतं.

आता पैशांचं. कॉन्ट्री सगळ्याची काढू नका. आम्ही एक कापडी बटवा केला होता. दर तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने पन्नास युरो टाकायचे. त्यातून टॅक्सी, ट्राम, पाणी आणि स्वच्छतागृह. मोठ्या स्टेशनांवर स्वच्छतागृहाला साधारण एक युरो पडतो आणि पुष्कळदा सुटे लागतात, म्हणून बटव्यात नाणी हवीतच. कॉफी, आइस्क्रीम, म्युझियमचं तिकीट ज्याचं त्याने. हॉटेलच्या खोल्यांचे पैसे घरूनच भरून निघा. म्हणजे थोरल्या जाऊबाईंवर न प्यायलेल्या कॉफीचा भार येणार नाही. (कॉफी पिणाऱ्यांनी काउंटरशी उभ्यानेच प्यावी. टेबलाशी बसलं की तिचे दर पुष्कळ ठिकाणी वाढतात.) हिशेब सकाळी चहाबरोबर करा. रात्री पाय दुखत असताना दोन युरोचा फरकही मोठा वाटतो.

पाणी विकत घेण्याआधी रोममध्ये रस्त्याच्या कडेला बघत चला. तिथे दोन हजारांहून जास्त छोटे लोखंडी नळ आहेत, अखंड वाहणारे, प्यायच्या पाण्याचे. त्यांना 'नासोने' म्हणतात, म्हणजे मोठं नाक. त्या नाकाला खालून बोट लावलं की वरच्या भोकातून पाण्याची बारीक धार उडते आणि वाकून सरळ तोंडाने पिता येतं. हे कोणी तरी नणंदबाईंना दाखवलं. त्यानंतर प्रत्येक नळाशी त्या थांबायच्या. आम्हाला घाई असायची, पण त्यांना हसताना बघून कोणी काही बोललं नाही.

चालण्याचं मात्र मी ठामपणे सांगते, कारण तुमच्याकडचं खरं भांडण त्याचं आहे असं मला वाटतं. कॉफीचे पैसे नंतर आले. दिवस थोरल्या जाऊबाईंच्या पायांनी आखा. दिवसाला दोन ठिकाणं, मध्ये बसायला जागा. आणि धाकटीला पहाट द्या. जूनमध्ये तिकडे साडेपाचला उजाडतं. आमच्या जाऊबाईंची झोप पाचला उघडते. त्या एकट्या सहाला त्रेवी कारंजाशी जाऊन यायच्या, तेव्हा तिथे झाडूवाले आणि चार माणसं. दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. आठला त्या नाश्त्याला हजर, आणि काय बघितलं ते सांगायला उत्सुक. धाकटीच्या यादीतली निम्मी ठिकाणं अशी उरकतील. तिला थोरलीसाठी थांबावं लागणार नाही, आणि आपल्यामुळे सगळे अडले असं थोरल्या जाऊबाईंना वाटणार नाही.

व्हॅटिकनला आम्ही असेच वेगळे झालो. तिथल्या सेंट पीटर चर्चच्या घुमटाला ५५१ पायऱ्या. काही अंतर लिफ्ट आहे, पण तिच्यानंतरही ३२० चढाव्या लागतात आणि वाट अरुंद होत जाते. तिघं वर गेले. मी नणंदबाईंबरोबर खाली चौकात थांबले. खरं सांगते, तेव्हा मला वाईट वाटत होतं. मग नणंदबाईंना दिसलं की लोक एका विशिष्ट दगडावर उभे राहून खांबांकडे बघताहेत. चौकाभोवती २८४ खांब आहेत, चार-चारच्या ओळीत. कारंजं आणि मधला स्तंभ यांच्यामध्ये जमिनीत एक गोल दगड बसवलाय. त्यावर उभं राहिलं की चार खांबांच्या ठिकाणी एकच दिसतो, मागचे तीन त्याच्याआड जातात. एक पाऊल बाजूला झालं की चारही परत येतात. आम्ही दोघी आळीपाळीने कितीतरी वेळ त्या दगडावर उभ्या राहिलो. वरून आलेल्यांनी फोटो दाखवले, आम्ही त्यांना दगड दाखवला. आणि हो, आत जायला खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. साडीवर नणंदबाई सरळ आत गेल्या. धाकटीला सांगून ठेवा, नाहीतर दारात ओढणी विकत घ्यावी लागेल.

फ्लॉरेन्समधली गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही, कारण तिथे चूक माझी होती. शेवटचा दिवस पिसाच्या मनोऱ्यासाठी ठेवला होता, रेल्वेने साधारण तासाभराचं अंतर. आदल्या रात्री नणंदबाई म्हणाल्या, "इथे आमच्या महाराजांची छत्री आहे म्हणतात. जमेल का?" ही स्मारकाची छत्री कोणाच्याच यादीत नव्हती. दीर म्हणाले, पिसा न बघता परत जायचं? मीही त्यांच्याच बाजूने बोलले. नणंदबाई लगेच म्हणाल्या, "राहू दे हो, मी आपलं विचारलं." त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी आमच्या यजमानांनी तोड काढली. सूर्य तर नऊच्या सुमारास मावळतो. नणंदबाईंनी दिवसभर खोलीवर विश्रांती घेतली. आम्ही चौघं पिसाला जाऊन चारपर्यंत परत आलो, आणि साडेसहाला पाचही जण दोन टॅक्स्यांतून काशिने बागेच्या पार टोकाला गेलो. तिथे आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा मिळतो. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले आणि त्यांना त्या संगमावर अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथे छत्री झाली, खाली त्यांचा अर्धपुतळा. नणंदबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वीस वर्षांचं लेकरू हो. आपल्या नातवाएवढं." मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

दीर वर बघत होते. म्हणाले, "हे काम ओळखीचं वाटतं." ते बरोबरच होतं. छत्रीचा आराखडा इंग्रज वास्तुकार चार्ल्स मँटचा, आणि आपल्या लक्ष्मीविलास पॅलेसचाही मूळ आराखडा त्याचाच. पुढे तो वारला आणि राजवाडा दुसऱ्या वास्तुकाराने, रॉबर्ट चिजमने पुरा केला. बडोद्याला आल्यावर दीर नणंदबाईंना घेऊन मुद्दाम पॅलेस बघायला गेले. बहीण-भाऊ असे दोघंच कुठे गेल्याचं मला तरी आठवत नाही.

परतीची टॅक्सी फोन करून मागवावी लागली आणि ती यायला खूप वेळ लागला. एरवी चिडचिड झाली असती. पण तोवर नऊ वाजत आले, नदीवर सावल्या लांबल्या, आणि नणंदबाईंनी पदर सावरून हळूच शुभंकरोति म्हटलं. जाऊबाईंनी हात जोडले. तिन्हीसांजा नेमक्या कधी म्हणायच्या, हा प्रश्न त्यांना पहिल्या दिवसापासून पडला होता. त्या दिवशी तो विचारावा लागला नाही.

आता तुमचं. तिकिटं काढण्याआधी सहाही जणांना एका संध्याकाळी एकत्र बसवा. प्रत्येकाने एकच ठिकाण सांगायचं आणि तिथे बाकीच्या पाचांनी कुरकुर न करता जायचं. यादीतलं बाकी सगळं जमलं तर. सगळ्यात आधी थोरल्या जाऊबाईंना विचारा. त्या म्हणतील, "मला काय, तुम्ही न्याल तिथे येते." आमच्या नणंदबाईही निघण्याआधी हेच म्हणाल्या होत्या आणि मी ते खरं धरलं. तुम्ही धरू नका. चहा टाका, त्यांच्याशेजारी बसा आणि पुन्हा विचारा.