राग आला? आधी बस

अरे, आपल्या चर्चच्या कमिटीत तू नवा आहेस, म्हणून सांगतो. राग आला म्हणजे विश्वास कमी पडला, असं मानू नकोस. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा ५वा अध्याय उघड. गरिबांची शेतं, द्राक्षमळे गहाण पडलेत, मुलं गुलामीत गेलीत, हे ऐकून तिथला यहुदी अधिकारी नहेम्या भयंकर संतापला. पण व्याजाने कर्ज देणाऱ्या सरदारांवर लगेच धावून गेला नाही. आधी मनाशी विचार केला, मग सगळ्यांदेखत जाब विचारला. व्याज बंद, शेतं परत!

मी मात्र एकदा रात्री अकराला खजिनदाराला एका पावतीवरून व्हॉट्सअ‍ॅपवर झापलं. सकाळी पावती माझ्याच बायबलमध्ये सापडली. आता मेसेज लिहितो, प्रार्थना करतो, सकाळी परत वाचतो. निम्मे पुसूनच टाकावे लागतात.

आणि रडू आलं तर खुशाल रड. मित्र लाजर गेला तेव्हा येशूही रडलाच की.