टोपी इतकी सरळ कधी घातली त्यांनी?

या वेळी तीन पत्रं घेतोय, तिन्ही पोर्ट्रेटचीच. मी सांगलीचा, पस्तीसेक वर्षं लोकांचे चेहरे काढून पोट भरतोय, तेव्हा उत्तरं अनुभवातली आहेत, पुस्तकातली नाहीत.

प्रश्न : वडलांना जाऊन वर्ष होईल. नीट असा फोटो आधार कार्डाचाच आहे. त्यावरून ऑइल पेंटिंग होईल का? कॅनव्हासवर प्रिंट दीड हजारात मिळते, मग हाताने काढायला एवढे पैसे का? (कराड)

होईल, पण आधारचा फोटो आधी बाजूला ठेवा. त्यात उजेड समोरून सपाट पडलेला असतो, नाकाला उठाव नाही की गालाला सावली नाही. मोबाईलवर जवळून काढलेला तर त्याहून वाईट, नाक मोठं आणि कान गायब. मला लग्नातले, शेतातले, मागं कुठंतरी अर्धवट आलेले असले फोटो द्या, धुरकट असले तरी चालतील, त्यात माणूस मान कशी धरायचा ते कळतं. शिवाय भावाबहिणींत ज्याचा जबडा वडलांसारखा आहे त्याला मी तासभर खिडकीशी बसवतो.

तासगावकडच्या एका नानांचं चित्र असंच केलं. मुलगा म्हणाला, एकदम बाबा. मुलगी म्हणाली, हे डोळे आमच्या नानांचे नाहीत. झालं, दोघांची जुंपली. काकू मात्र गप्प बसून बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "टोपी इतकी सरळ कधी घातली त्यांनी?" आता गांधी टोपी पांढरी दिसते पण पांढऱ्या रंगानं ती होत नाही, सावलीकडं निळसर राखाडी, उजेडाकडं चिमूटभर यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, आणि शुद्ध पांढरा फक्त घडीच्या कडेला एका रेघेपुरता. ती सगळी खरवडून दोन बोटं कलती केली, त्याबरोबर कपाळावरची सावली उजव्या भुवईपर्यंत खाली आली. डोळ्यांना हातही लावला नव्हता. मुलगी म्हणाली, आता डोळे बरोबर झाले बघा!

पैसे म्हणाल तर ते वेळेचे. पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ, वरचे थर जास्त तेलाचे, उलटं केलं की पुढं तडे जातात, आणि सांगलीच्या जुलैत थर वाळता वाळत नाही. वर्षश्राद्धाला हार घालण्यापुरतं हवं असेल तर खुशाल प्रिंट घ्या, त्यात काय कमीपणा.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, पोर्ट्रेटच करायचं म्हणते. तिला काय दाखवू? यात पोट भरतं का? (वाई)

आधी सातारा जिल्ह्यातल्या औंधला न्या. मला वडलांनी आठवीत असताना एसटीनं नेलं होतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे राजे स्वतः चित्रकार, 1938 साली त्यांनी डोंगरावर म्युझियम उभं केलं, तिथं रविवर्म्याचं अस्सल काम आहे आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्पसुद्धा. मी चेहरे सोडून साडीचे काठच बघत बसलो होतो. रविवर्म्याला तरी कुणी शिकवलं? 1868 मध्ये थिओडोर जेन्सन हा गोरा चित्रकार त्रावणकोरला आला, त्यानं शिकवायला नकार दिला, नुसतं शेजारी बसून बघू दिलं.

हातात समई घेतलेली बाई सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलीय आणि निम्मे लोक ती रविवर्म्याची म्हणून सांगतात. ती सावंतवाडीच्या हळदणकरांची आहे, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये असते, तेसुद्धा वॉटरकलर, आणि समोर उभी होती त्यांचीच मुलगी. बोटांच्या फटींतून तांबूस उजेड कसा येतो तेवढंच तुमच्या मुलीला महिनाभर करायला सांगा, घरात दिवा आहेच की.

पोट भरतं, पण घरगुती कामांवर नाही, संस्थांच्या. शाळांना कर्मवीर लागतात, कारखान्यांच्या हॉलला वसंतदादा आणि यशवंतराव. कर्मवीरांची दाढी इतक्यांदा काढलीय (आधी खाली गडद, मग वरून एकेक केस) की झोपेतही जमेल. त्रास कमिटीचा असतो, अकरा जण आणि अकरा सूचना, एकाला चेहरा गोरा हवा, एकाला हसरा. एका संस्थेनं उरलेली निम्मी रक्कम तीन वर्षं दिली नाही, चित्र मात्र तिसऱ्या दिवशी भिंतीवर! तेव्हा निम्मे आधी, निम्मे चित्र गाडीत चढवायच्या आधी, हे तिला पहिल्या दिवसापासून शिकवा.

प्रश्न : आजोबांचं ऑइल पेंटिंग 2019 च्या पुरात भिजलं होतं, आता त्यावर पांढरे ठिपके आलेत. बटाटा चोळू का? (सांगली)

अजिबात नको, बुरशीला जेवण घालताय तुम्ही. ओलं फडकं नको, उन्हातही ठेवू नका. मास्क लावून मऊ कोरड्या ब्रशनं, तेही अंगणात, हलक्या हातानं झाडा, आणि रंग उचलला जातोय असं दिसलं की थांबा, जाणत्या माणसाकडं न्या. त्या पुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला 57 फुटांच्या पुढं गेलं तेव्हा माझे पेस्टल, म्हणजे रंगीत खडूची चित्रं, सगळे धुऊन निघाले, ऑइलचे कॅनव्हास सैल पडले पण चेहरे राहिले, तुमचे आजोबाही राहतील. फक्त परत टांगताना फ्रेम भिंतीला चिकटू देऊ नका, मागं खालच्या कोपऱ्यांना बाटलीची दोन बुचं लावा, वारा खेळता राहतो.