नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतातलं एखादं लहान गाव बघायचंय, कुठलं बघू आणि त्याचा इतिहास काय?

हेगेबाइंटम. डोळे झाकून जा. मी लीउवार्डनला, म्हणजे फ्रीसलँडच्या राजधानीत, नोकरीला आहे, घरचं कोणी आलं की आधी इथेच घेऊन जातो. गाव इतकं छोटं की गाडी हळू नाही केली तर मागे पडेल, पण लांबूनच दिसतं, कारण आजूबाजूला पोळपाटासारखी सपाट शेतं आणि मधेच एक टेकाड, वर चर्च.

हे टेकाड माणसांनी बनवलंय! इथे साधारण इ.स. १००० च्या आसपास समुद्राला बांध घालायला सुरुवात झाली, त्याआधी भरतीचं, वादळाचं पाणी थेट आत यायचं, म्हणून लोक चिखलमाती, शेण, घरातला कचरा टाकून जागा उंच करत राहिले, पिढ्यानपिढ्या, अगदी इसवी सनाच्या आधीपासून. अशा टेकाडांना तिकडे टेर्प म्हणतात, आणि नेदरलँड्समधला सगळ्यात उंच टेर्प हाच, समुद्रसपाटीपासून ८.८ मीटर.

आता मुख्य गोष्ट. शेकडो वर्षांचं शेण मुरलेली माती म्हणजे उत्तम खत ना, त्यामुळे १९व्या शतकाच्या मध्यापासून फ्रीसलँडभर टेर्प खोदून माती विकायचा धंदा सुरू झाला, होड्या भरभरून माती निकस जमिनींवर गेली. हेगेबाइंटमचाही मोठा भाग असाच गेला. खोदत खोदत लोक पार चर्चच्या आवारापर्यंत आले, म्हणून त्या बाजूला उतार नाहीच, एकदम कडा आहे. खाली उभं राहून वर बघा, काय काय गेलं ते लगेच कळतं, मला तर दर वेळी वाईट वाटतं. खोदताना खूप जुनी दफनभूमीही सापडली, त्यातल्या वस्तू लीउवार्डनच्या म्युझियममध्ये गेल्या.

चर्च १२व्या शतकातलं, टफ नावाच्या ज्वालामुखी दगडाचं, तो दगड जर्मनीतून यायचा. आत भिंतींवर लाकडी कोरीव फलक आहेत, एकूण १६. गावातल्या हार्स्ता स्टेट वाड्यातल्या उमराव घराण्यांपैकी कोणी वारलं की त्याचं कुलचिन्ह कोरून इथे टांगायचे. कवट्या, वाळूची घड्याळं, पंख, सगळं आहे, नीट वेळ काढून एकेक बघा. १७९५ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या क्रांतीनंतर असली उमरावी चिन्हं ठिकठिकाणी काढून टाकली गेली, म्हणून एकाच ठिकाणी इतके फलक बघायला मिळणं दुर्मिळ आहे.

चर्च एरवी बंद असू शकतं, टेकाडाच्या पायथ्याशी माहिती केंद्र आहे तिथूनच आत नेतात, तेव्हा वेळा बघूनच निघा. आणि वारा जबरदस्त असतो, जॅकेट विसरू नका.