प्लॅटिनमचे दोन हात एकाच बाजूला

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या मामांना जबड्याच्या कॅन्सरसाठी रेडिएशनबरोबर दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिन देतात. नर्सबाई म्हणाल्या, त्यातलं प्लॅटिनम डीएनएला चिकटतं. म्हणजे नेमकं काय होतं? ते फक्त कॅन्सरच्या पेशींनाच धरतं का? आणि औषध एवढंसं, मग सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या कशाला? – एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सत्तावीस वर्षं कॉलेजात इनऑर्गॅनिक केमिस्ट्री शिकवताना सिस्प्लॅटिन फळ्यावर कितीदा काढलं असेन, पण ते मला उमगलं १९९८ साली, थोरल्या दिरांच्या खाटेशेजारी बसून. तेही रोज हेच विचारायचे, "एवढं पाणी कशाला गं?" म्हणून सलाईनपासूनच सुरुवात करते.

एक कारण मूत्रपिंडांचं. प्लॅटिनम लघवीवाटे बाहेर पडतं आणि जाताना मूत्रपिंडांना इजा करतं, म्हणून भरपूर पाणी. दुसरं कारण सलाईनमधलं मीठ. सिस्प्लॅटिनच्या रेणूत मधोमध प्लॅटिनम आणि एकाच प्रतलात त्याचे चार शेजारी : दोन अमोनिया, दोन क्लोराइड. अमोनिया घट्ट बसलेले, क्लोराइड सैल. भोवती मीठ असेल तर क्लोराइड जागा सोडत नाहीत. रक्तात क्लोराइड साधारण १०० मिलीमोलर असतं, त्यामुळे रेणू बराचसा जसाच्या तसा पेशीपर्यंत पोचतो. पेशीच्या आत मात्र ते ४ ते २० मिलीमोलरवर येतं. तिथे क्लोराइड निघून जातो आणि त्याच्या जागी पाणी येऊन बसतं. आता रेणूवर धन भार आला, आणि डीएनए तर फॉस्फेटमुळे ऋण भाराचा. तो तिकडे ओढला जाणारच.

डीएनएत त्याला हवा असतो ग्वानिनचा, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'जी'चा, सात नंबरचा नायट्रोजन. डीएनएच्या पिळाच्या रुंद खाचेत तो उघडाच असतो, इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन. पाणी सुटतं आणि प्लॅटिनम तिथे बंध जोडतं. डिंकासारखं चिकटणं नव्हे हे, तू वर्गात शिकलेला कोऑर्डिनेट बंधच, ज्यात इलेक्ट्रॉनची जोडी एकटा नायट्रोजनच देतो. मग दुसरी जागाही मोकळी होते आणि त्या हाताने प्लॅटिनम बहुतेक वेळा त्याच साखळीतला लगतचा ग्वानिन पकडतं.

साडीच्या दोन लगतच्या निऱ्यांना आपण पिन लावतो ना? नको तिथे लागली तर कापड तिथेच चिमटतं, चूण पडते. तसंच इथे. डीएनए त्या जागी ३० अंशांहून जास्त वाकतो, पीळ सैल पडतो. त्याची नक्कल करणारी एन्झाइम तिथे येऊन अडतात. पेशीची दुरुस्ती यंत्रणा तेवढा तुकडा कापून बदलू पाहते. जमलं तर पेशी वाचते, नाही जमलं तर मरते. वृषणाच्या कॅन्सरच्या पेशी या दुरुस्तीत कमजोर असतात. तिथे हे औषध इतकं गुणकारी ठरण्याचं ते एक मोठं कारण.

आता नावातला "सिस". दोन्ही क्लोराइड एकाच अंगाला, म्हणून दोन्ही हातही एकाच अंगाला. ट्रान्सप्लॅटिनमध्ये तेच अणू, तेवढेच, फक्त क्लोराइड समोरासमोर. त्याला लगतचे दोन ग्वानिन धरताच येत नाहीत, आणि औषध म्हणून त्याचा उपयोग झाला नाही. शाडूच्या गोळ्या आणि काड्या घेऊन दोन्ही रेणू कर. माझ्या मुलांना मी हे दरवर्षी करायला लावायची. हातात धरल्यावर जे कळतं ते फळ्यावरून कळत नाही.

पेरोन या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने हे संयुग १८४५ मध्येच नोंदवलं होतं. औषधी गुण सापडला तो मात्र मिशिगनमध्ये. बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. ते ई. कोलाय जिवाणू विभागायचे थांबले आणि ३०० पटींपर्यंत लांबले. ती करामत विजेची नव्हती. इलेक्ट्रोडमधून झिजून द्रावणात उतरलेल्या प्लॅटिनमच्या संयुगांची होती. हे १९६५ साली छापून आलं, मग पेशींची विभागणी थांबवणारं हे संयुग कॅन्सरवर आजमावलं गेलं आणि १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

सगळेच धातू असा बंध जोडत नाहीत, हेही लक्षात ठेव. रुथेनियमची काही संयुगं आपला चपटा भाग डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये सरकवून बसतात. पाण्यात ती जवळजवळ अंधारी असतात, डीएनएत शिरली की उजळतात.

उरला तुझा मधला प्रश्न. नाही, प्लॅटिनम कॅन्सर ओळखत नाही. निरोगी पेशींच्या डीएनएलाही ते धरतं. झटपट विभागणाऱ्या पेशींना त्याचा जास्त तडाखा बसतो, पण मूत्रपिंड, आतला कान आणि मज्जातंतूही सोसतात. दुसऱ्या डोसनंतर माझ्या दिरांच्या कानात भुंगा घुमल्यासारखं होऊ लागलं. अशक्तपणा असेल म्हणून ते गप्प राहिले. असं होऊ शकतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. उशाशी ठेवलेल्या डिजिटल घड्याळाचा बारीक गजर त्यांना ऐकू येईना, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ते ऐकू येणं पुन्हा परतलं नाही, आणि मी रसायनशास्त्र शिकवत असूनही आधी विचारलं नाही, हे मला अजून लागतं.

तू मामांना आजच विचार : कानात आवाज येतो का, तळपायांना मुंग्या येतात का, लघवी कमी होते का. यातलं काहीही असेल तर पुढच्या डोसची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. कान तपासून ते डोस कमी करू शकतात, नाहीतर औषध बदलू शकतात.