आवडला नाही, बरं. पण पाहिलंत काय?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की, नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाबद्दल चार माणसांत बोलताना तुमचं घोडं कुठे अडतं? पत्रं भरपूर आली. त्यातली सहा घेतली आहेत. आधीच सांगते, मी समीक्षक नाही. सबटायटल्स लिहिणं हा माझा धंदा. एकच सिनेमा चार-चार वेळा, मागे-पुढे करत, कधी नुसता आवाज तर कधी नुसतं चित्र असा बघावा लागतो. त्यामुळे बघण्याची खोड लागली आहे, तिच्या जोरावरच उत्तरं देते.

प्रश्न : ताई, आम्हा जुन्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे. कुणी काही पाहिलं की तिथे दोन ओळी टाकायच्या. मध्यंतरी एकीने एका सिनेमावर भरभरून लिहिलं, रडून डोळे सुजले वगैरे. तोच सिनेमा मी आदल्या दिवशी पाहिला होता. मी खाली लिहिलं, ‘बकवास. अडीच तास फुकट.’ तेव्हापासून ती माझ्या कुठल्याच मेसेजला उत्तर देत नाही. खरं मत द्यायचंच नाही का?

उत्तर : द्यायचं की! पण ‘बकवास’ या शब्दातून तिला काय कळलं? तुम्ही कुठे कंटाळलात, कशावर चिडलात, काहीच नाही. कळलं इतकंच की जिथे ती रडली तिथे तुम्ही नाक मुरडलंत. आणि तेही बरोबर तिच्या ओळींच्या खाली.

माझं आणि दादाचं असंच ‘कोर्ट’वरून वाजलं होतं. चैतन्य ताम्हाणेचा, २०१५ साली प्रदर्शित झालेला. एक सफाई कामगार मॅनहोलमध्ये मरतो आणि त्याला आत्महत्येला प्रवृत्त केलं म्हणून एका लोकशाहिरावर खटला चालतो. शाहिराच्या कामात वीरा साथीदार. आम्ही तो आपापल्या घरी पाहिला आणि मग फोनवर भांडलो. दादाचं म्हणणं, सिनेमा अर्धवट सोडलाय. माझं म्हणणं, इतका नेमका शेवट फार दिवसांत पाहिला नाही. दोन रविवार हे चाललं. ‘तुला ना, काही कळत नाही’ इथपर्यंत मजल गेली. तिसऱ्या रविवारी मी वैतागून म्हटलं, ‘अरे, त्या पोराला एवढी चपराक बसते, त्यात अर्धवट काय आहे?’

‘कुठलं पोरगं?’ दादाने विचारलं.

झालं होतं असं. सिनेमाच्या शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे बंद होतात, दालन अंधारात बुडतं. कॅमेरा मात्र तिथेच. बराच वेळ काही होत नाही. दादाला वाटलं, संपला. त्याने टीव्ही बंद केला आणि झोपायला गेला. त्या अंधारानंतर सिनेमा चालूच राहतो. न्यायाधीशमहाशय सहलीला जातात, बागेत बाकावर बसल्या बसल्या डुलकी काढतात, मुलं ओरडून त्यांची झोपमोड करतात, ते एकाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. इतका वेळ कायद्याच्या कलमांआड बसलेला माणूस तिथे उघडा पडतो. दादाने ते पाहिलंच नव्हतं. दोन आठवडे आम्ही दोन वेगवेगळ्या सिनेमांवर भांडत होतो.

गंमत म्हणजे त्याच्या सिनेमाबद्दल त्याचं मत अगदी बरोबर होतं. तो अर्धवटच होता!

तेव्हापासून मी आधी विचारते, ‘तुला त्यातलं काय आठवतंय?’ तुम्हीही मैत्रिणीला एवढंच विचारून बघा की रडू नेमकं कुठे आलं. आणि तुमचा हात पहिल्यांदा फोनकडे कधी गेला, तेही सांगा. बहुतेक वेळा या दोन जागा एकाच प्रसंगाच्या आसपास निघतात. तिला वडील-मुलीचा निरोप दिसलेला असतो, तुम्हाला त्याच निरोपावर ओतलेली व्हायोलिनं ऐकू आलेली असतात. मग भांडा की खुशाल. ते भांडण सिनेमाचं असेल, मैत्रीवर येणार नाही.

प्रश्न : तुम्ही या सदरात सर्रास शेवट सांगता. मागेही सांगितला होतात. शेवट सांगणं हा गुन्हा किती वर्षांनी माफ होतो?

उत्तर : वर ‘कोर्ट’चाही सांगून बसले आहे, तेव्हा दोन गुन्हे धरा.

दिग्दर्शक हिचकॉकने १९६० साली ‘सायको’ या सिनेमाच्या वेळी फर्मानच काढलं होतं की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. त्या सिनेमाची रचनाच अशी की उशिरा येणारा नको त्याची वाट बघत बसला असता. उलट बाजूही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट ठाऊक असलेल्यांना त्या कथा सरासरीने जास्तच आवडल्या. पण त्या कथा होत्या, सिनेमे नव्हते. आणि सरासरीत तुमचं-माझं नाव नसतं.

म्हणून वर्षं मोजू नका, समोरच्याला विचारा. ‘पाहिलायस? पाहणार आहेस?’ हे विचारायला चार सेकंद लागतात. मला इथे विचारता येत नाही, म्हणून यापुढे आधी इशारा देईन. माफी असावी.

प्रश्न : मला सिनेमातली तांत्रिक भाषा येत नाही. ‘छायाचित्रण सुंदर, अभिनय उत्तम, पार्श्वसंगीत साजेसं’ एवढंच लिहिता येतं. मग वाटतं, हे कुठल्याही सिनेमाबद्दल चालेल. काय करू?

उत्तर : तुम्हाला स्वतःलाच खुपलं, म्हणजे निम्मं काम झालं. ‘साजेसं पार्श्वसंगीत’ हे लग्नपत्रिकेतल्या ‘चि. सौ. कां.’सारखं आहे, कुणीच वाचत नाही.

गेल्या रविवारी मी ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ तिसऱ्यांदा पाहिला. सिडनी ल्युमेटचा, १९५७चा, काळा-पांढरा, ९६ मिनिटांचा. (बासू चटर्जींनी यावरून ‘एक रुका हुआ फैसला’ केला, तो तुम्ही पाहिला असेल.) बारा ज्यूरी (म्हणजे खटल्याचा निकाल ठरवणारी साधी माणसं), एक खोली, उकाडा, आणि एका पोराला दोषी ठरवायचं की नाही हा वाद. जवळजवळ सगळा सिनेमा त्या एका खोलीत घडतो. पहिल्या दोन वेळा मी संवादांच्याच मागे होते. या वेळी आवाज बंद ठेवून पाहिला, धंद्याची सवय. निम्म्याहून जास्त सिनेमा झाल्यावर लक्षात आलं की आता छत दिसतंय. सुरुवातीला ते दिसत नव्हतं! तेव्हा आपण माणसांकडे थोडं वरून बघत होतो, टेबल दिसत होतं, खुर्च्यांमध्ये जागा दिसत होती. आता आपण खालून बघतोय. चेहरे अंगावर आलेत, मागची भिंत पाठीला चिकटलीय आणि छत डोक्यावर उतरलंय.

हे योगायोगाने झालेलं नाही. ल्युमेटने तसं ठरवूनच केलं होतं. पहिल्या टप्प्यात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, मधल्या टप्प्यात पातळीवर, शेवटच्या टप्प्यात खाली. त्याच्या जोडीला भिंगंही बदलत नेली. पुढे पुढे लांब पल्ल्याची, ज्यांच्यातून मागची भिंत जवळ आल्यासारखी दिसते. आणि अगदी शेवटी माणसं इमारतीबाहेर पडतात तेव्हा एकदम रुंद कोनाचं भिंग. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

आता तुम्हाला भिंगांची नावं माहीत असायची गरज आहे का? मुळीच नाही. मलाही ती नंतर कळली. ‘शेवटी शेवटी मला त्या खोलीत कोंडल्यासारखं झालं, छत खाली आल्यासारखं वाटलं’ असं लिहिलंत की झालं. तुमच्या डोळ्यांना जे जाणवलं ते छायाचित्रणच होतं. एक उपाय सांगते: आवडलेल्या सिनेमातली कुठलीही पाच मिनिटं आवाज बंद करून परत बघा आणि जे दिसलं त्यातली एकच गोष्ट लिहा. एकच. दुसरी सुचली तरी गिळून टाका.

प्रश्न : नवा मोठा टीव्ही घेतल्यापासून मला सगळेच सिनेमे खोटे वाटतात. अभिनय नाटकी, सेट पुठ्ठ्याचे. आधी आवडलेला सिनेमा परत पाहिला, तोही तसाच वाटला. माझी आवड बदलली का?

उत्तर : आवड जागच्या जागी आहे, टीव्हीचं सेटिंग बदला.

बोलपट आले तेव्हापासून, म्हणजे १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून, सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या हिशेबाने चालतो. त्या वेगात हालचालीला जो किंचित पुसटपणा येतो, त्याला आपले डोळे ‘सिनेमा’ म्हणून ओळखतात. नवे टीव्ही दर सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र ताजं करतात आणि मधल्या जागा भरायला स्वतःच्या मनाने चित्रं तयार करून घुसडतात. सामने बघताना ते बरं वाटतं. सिनेमाची मात्र टीव्ही मालिका होते. खूण सांगते. पात्र झटकन हात हलवेल तेव्हा हाताच्या कडेला बघा. पाणी हलल्यासारखी, विरघळल्यासारखी एक कड दिसते. मला एकदा ती दिसली आणि मग दुसरं काही दिसेनाच.

हे इतकं त्रासाचं आहे की २०१८च्या डिसेंबरात टॉम क्रूझने चित्रीकरण चालू असताना व्हिडिओ काढून लोकांना विनवलं की हे बंद करा. विमानांना लोंबकळणारा माणूस टीव्हीच्या सेटिंगवर बोलायला लागला, म्हणजे बघा. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मोशन’ किंवा ‘स्मूथ’ अशा नावाचं जे काही असेल ते बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडा, एका बटणात काम होतं. मग तो आवडलेला सिनेमा परत लावा. तोवर कुठल्याही नटाला नाटकी म्हणू नका.

प्रश्न : ९० टक्के ‘फ्रेश’ बघून सिनेमा लावला, निघाला जेमतेम. समीक्षक विकले गेलेत का?

उत्तर : तुम्ही ते ९० म्हणजे शंभरपैकी गुण समजलात. ‘रॉटन टोमॅटोज’ या समीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरचा तो आकडा गुणांचा नाही, किती टक्के समीक्षकांचा कौल बरा पडला एवढंच तो सांगतो. दहाही जणांनी ‘ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही’ म्हटलं तर १०० टक्के. दुसऱ्या सिनेमाने सहा जण वेडे झाले आणि चौघांनी शिव्या घातल्या तर ६०. मी तरी तो दुसरा आधी बघेन.

प्रश्न : मला सिनेमा बघताना हमखास झोप लागते. बायको म्हणते, झोपणाऱ्याला मत द्यायचा हक्क नाही. तुमचा निकाल काय?

उत्तर : वहिनींना सांगा, अब्बास किआरोस्तामीसारखा मोठा इराणी दिग्दर्शक तुमच्या बाजूने आहे. प्रेक्षकाला थिएटरात झोपवणारे सिनेमे आपल्याला जास्त आवडतात, असं तो म्हणायचा. त्याच्या मते काही सिनेमे खुर्चीला खिळवतात आणि घरी जाताच विसरले जातात, तर काही थिएटरात डुलकी आणतात आणि नंतर रात्रीची झोप उडवतात.

हा झाला त्याचा मोठेपणा. तुमचं प्रकरण वेगळं दिसतंय, कारण तुम्हाला हमखास झोप लागते, म्हणजे सिनेमाचा त्यात काही संबंध नाही. तरी हक्क आहे, पण जागं असलेल्या भागापुरता. ‘पहिली चाळीस मिनिटं छान होती’ हे पूर्ण आणि प्रामाणिक मत झालं. ‘शेवट फसला’ हे मात्र बायकोच्या तोंडून ऐकलेलं असेल तर तिच्या नावावर सांगा. आणि पुढच्या वेळी झोप कोणत्या दृश्याला लागली ते टिपून ठेवा, मला कळवा. पाठलागाच्या दृश्याला लागत असेल तर मला त्या सिनेमाचं नाव हवंच आहे.